पाठ

अमेनानचा चेहरा मला नीट आठवत नाही.
फोटो आहेत, तरीही.
नऊ वर्षं मी तिच्याकडे धावत गेले
आणि दर वेळी ती पाठमोरीच उभी होती.

तिची पाठ मात्र पाठ आहे मला.
डाव्या खांद्याखाली भाजल्याचा डाग,
केशरी बनियनवर तिरका नंबर.
पिना चार मिळायच्या, ती तीनच लावायची.
चौथी बुटाच्या नाडीत. का, ते कधी सांगितलं नाही.

तापे सर म्हणायचे,
देणारीनं बघायचं, घेणारीनं नाही.
घेणारी वळून बघते
तेव्हा अख्खा देश एक मीटर मागे राहतो.
मग माझ्या तेवीस पावलांवर निळी पट्टी चिकटवायचे.
मी पट्टीवर आले की ती सुटायची,
मी 'हॉप' ओरडले की तिचा उजवा हात मागे यायचा,
अंगठा खाली, तळवा उघडा.
त्या तळव्यावर मी नळी ठेवायची.
एवढंच आमचं बोलणं.

मधल्या काळात देश दुभंगला.
तिचं बुआके रेषेच्या वर, माझं गान्योआ खाली.
आबिजानला सरावाला येताना
सतरा नाक्यांवर तिला बसमधून उतरवलं,
सतरा वेळा हात वर.
'बरंच झालं,' ती म्हणाली, 'खांदा मोकळा राहिला.'

दोनशे मीटर ती एकटी धावायची.
तेव्हा मी वर, शेंगदाण्याच्या सालींत बसलेली,
आणि प्रथमच ती माझ्या दिशेनं येताना दिसायची,
पण फार लांबून.
दोनदा उपांत्य फेरी.
दुसऱ्यांदा दोन शतांशांनी हुकली.
आईनं फोनवर विचारलं, दोन शतांश म्हणजे किती गं?
ती म्हणाली,
तू मला हाक मारतेस ना, अमेनान,
त्यातला 'अ'सुद्धा नाही.
एका हिवाळ्यात व्हिसा आला
शर्यत होऊन चार दिवसांनी.
तिनं त्या पानाला इस्त्री केली. खरंच केली.

आणि मग राबात.
अंतिम फेरी, पाचवी लेन,
समुद्राकडून आडवा वारा.
मी कधी नव्हे ते दुसरी आले होते वळणावर
आणि ते मला ठाऊक होतं, हेच नडलं.
'हॉप' म्हणाले.
एका पावलानं लवकर.

तिचा हात आला मागे, शहाण्या मुलासारखा,
आणि तिथे काहीच नव्हतं.
हात मागे ठेवून कुणी धावू शकत नाही.
ती धावली. सात पावलं.
नळी तिच्या बोटांना लागली
आणि खाली पडली. पोकळ आवाज,
रिकामा डबा सांडावा तसा.

माईकपुढे ती म्हणाली, माझा हात थरथरला.
मी शेजारीच होते, मोजा काढत.
मी मोजा काढत राहिले.

पेपरांनी तिला थरथरता हात म्हटलं,
बूटवाल्या कंपनीनं करार वाढवला नाही.
पुढच्या संघात मी होते. ती नव्हती.

आता ती बुआकेत शाळेची बस चालवते.
आरशात मागची सगळी पोरं दिसतात, म्हणते,
कुणी कुणाला काय दिलं, सगळं.

गेल्या डिसेंबरात गेले. हरमाटान सुटलेला,
ओठ फुटलेले, हवेत नुसती धूळ.
ती चुलीशी, पाठमोरी. डाग आता फिकट.
मी अकरा वर्षं घोटलेलं वाक्य काढलं,
'राबातला ना, ते...'

तिनं न वळता उजवा हात मागे केला.
अंगठा खाली.
'कांदा,' म्हणाली.

टेबलापासून चुलीपर्यंत तीन पावलं.
कांदा अर्धाच सोललेला होता.
तिच्या तळव्यावर ठेवला,
आणि बोटं मिटेपर्यंत
मी सोडला नाही.